अठ्ठावन्नच्या पुढे

या पेजवरच्या गोष्टी मी बहुतेक वेळा हसायला वाचते. रात्रीचे बारा वाजलेले असतात, वीज गेलेली असते, कुत्री रडत असतात आणि गाडी नेमकी स्मशानासमोरच बंद पडते.

माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन होतं. मला ताप नव्हता, मी औषधं घेत नाही आणि दारूला हात लावत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण खाली कमेंटमध्ये तेच विचारलं जाणार आहे.

ज्यांना पटेल त्यांना पटेल. मी हे पटवून द्यायला लिहीत नाहीये. मला राग आलाय म्हणून लिहितेय. भीतीही वाटते, नाही असं नाही. पण राग जास्त आहे, आणि इतके महिने झाले तरी तो उतरत नाही.

माझं काम जुन्या जागांचे अहवाल लिहिण्याचं. एखादी गिरणी, कारखाना, गोदाम विकायला निघालं की तिथं पूर्वी काय चालायचं, जमिनीत काय मुरलंय, हे आधी तपासावं लागतं. मी जुने नकाशे काढते, दप्तरं चाळते, जागेवर जाऊन मातीचे नमुने घेते आणि शेवटी लिहून देते की इथं माणसं राहायला हरकत नाही. किंवा आहे. चोवीस वर्षं हेच करतेय. ओसाड जागांची मला भीती वाटत नाही. तिथं साप असतात आणि फुटक्या काचा असतात, बस.

त्या वेळी काम आलं ते टेकडीमागच्या छावणीचं.

युद्धाच्या काळात लष्कराचं संशोधन केंद्र होतं तिथं. कसलं संशोधन, ते गावात कोणालाच धड माहीत नव्हतं. सहा बैठ्या इमारती आणि भोवती तारेचं कुंपण. युद्ध संपलं, फाटकाला कुलूप लागलं, आणि ऐंशी वर्षं ते तसंच राहिलं. आता तिथं फ्लॅट होणार होते.

आमचे साहेब म्हणाले, "इतिहास दोन पानांत उरका. कोणी वाचत नाही. शनिवारी अहवाल द्यायचाय, सोमवारी चार नंबरच्या इमारतीत काँक्रीट ओततायत."

चार नंबरची इमारत अर्धी जमिनीत होती. पाडणं कटकटीचं, म्हणून ती काँक्रीटने भरून वर गाड्या लावायची जागा करायची होती.

"निष्कर्ष मी टाइप करून ठेवलाय," साहेब म्हणाले. "सदर जागा वास्तव्यास निर्धोक आहे. वरचं तेवढं तुम्ही भरा."

आधी कळस, मग पाया. पण खरं सांगायचं तर मीही काही बोलले नाही. अशी सवय लागलेली असते.

रविवारी संध्याकाळी मी आईला सहज म्हणाले, टेकडीमागच्या छावणीचं काम आलंय.

आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. ती मटार सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

"तारेच्या कुंपणाची? सहा इमारती?"

"हो. तुला कशी माहीत?"

"तुझा मामा तिथंच होता."

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. मला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं की तो पळून गेला. आमच्या घरात त्याचा विषय निघायचा तो फक्त ओरडा खाताना. शाळा बुडवली की आजी म्हणायची, त्या पळपुट्याच्या वळणावर जाऊ नकोस.

"तिथं काय करायचा तो?"

"पत्रात लिहायचा, धुलाईघरात आहे. शिपायांचे कपडे धुतो. एकोणीस वर्षांचा होता. मी आठ."

मग ती उठली आणि कपाटातून बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आली. त्यात घडीवर फाटलेला एक कागद होता. लष्कराच्या कुठल्यातरी विभागाचा शिक्का होता. मजकूर दीड ओळीचा.

"सदर कामगार दिनांक ९ रोजी विनापरवानगी काम सोडून पळून गेला आहे. आढळल्यास त्वरित कळवावे."

एवढंच.

त्या दीड ओळीने काय केलं ते आईने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. शिपाई दोनदा घर उलथंपालथं करून गेले. आजोबांना कामावरून काढलं. युद्धातून पळालेल्याचा बाप म्हणून लोकांनी बोलणं टाकलं. आजोबांनी भिंतीवरचा त्याचा फोटो काढला आणि चुलीत घातला.

"तुला काय वाटतं? पळाला असेल?" मी विचारलं.

"कागद म्हणतो पळाला. मी कोण त्याला खोटं पाडणारी?" आई म्हणाली. "पळाला तर पळाला. पण मला न सांगता? मला? ऐंशी वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालतेय. खरं काय ते एकदा कळू दे. मग एक तर शिव्या थांबवीन, नाहीतर मोठ्याने घालीन. पण ते कळल्याशिवाय मला मरायचं नाहीये."

मग ती स्वतःशीच हसली.

"लपंडाव खेळताना राज्य त्याच्यावर आलं की आम्ही रडायचो. शंभर मोजायचे असायचे ना? त्याचे शंभर लवकर व्हायचे. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसत्तर, सत्तर... मधले दहा गायब. आम्ही लपायच्या आत हा दारात हजर."

"लबाडी करायचा?"

"छे गं. त्याला लबाडी यायचीच नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, डोक्यात घोळच होता त्याच्या. मास्तरांनी मारून मारून स्वतःचा हात दुखवून घेतला, पण ह्याचं एकोणसाठ काही आलं नाही. इतका शहाणा, पण तिथं आला की गाडी रूळ सोडायचीच."

आणि मग एकदम तिचा चेहरा पडला. "मटार राहिले," ती म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

सोमवारी मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. तिथल्या बाईंनी छावणीचं म्हणून एकच रजिस्टर आणून दिलं. ओल लागलेलं, कडा कुरतडलेल्या. म्हणाल्या, मी इथं आल्यापासून हे कोणी मागितलेलं नाही. फोटो काढायचे तर काढा, मी चहा प्यायला चाललेय.

रजिस्टर चार नंबरच्या इमारतीचं होतं. अक्षर मोत्यासारखं. रकाने आखलेले: तारीख, नमुना क्रमांक, मास्क क्रमांक, वेळ, शेवटचा आकडा, शेरा.

धुलाईघराचा कुठं पत्ताच नव्हता. विषारी वायूसाठी मास्क तपासत असावेत, एवढं मला कळलं. नमुने चौदा होते. चौदाही नमुन्यांपुढे शेवटी एकच शब्द होता.

निकाली.

माझ्या धंद्यात नमुना म्हणजे बाटलीतली माती. त्यांचा नमुना म्हणजे ससे असतील, नाहीतर उंदीर. मी सगळ्या पानांचे फोटो काढले, पण वाचले फक्त मथळे. संध्याकाळी कच्चा मसुदा साहेबांना पाठवून दिला. त्यात माझं स्वतःच्या हातचं वाक्य होतं: "येथे मास्कच्या चाचण्या प्राण्यांवर करण्यात आल्या. सर्व नमुने निकाली काढण्यात आले."

चोवीस वर्षांचा अनुभव. आणि मी शेरे वाचले नाहीत.

मंगळवारी दुपारी छावणीवर गेले. फाटकावर एक म्हातारा रखवालदार होता. त्याला सगळे मेजर म्हणतात, कारण त्याच्या अंगावर कायम एक जुना खाकी कोट असतो. लष्कराचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही.

पाच इमारती तासाभरात झाल्या. चार नंबरच्या पायऱ्यांपाशी मेजर थांबला.

"तुम्ही जा खाली. मी इथं बसतो."

"का? साप आहे?"

"साप असता तर आलो असतो," तो म्हणाला. "आत एकजण असतो. तुम्ही तुमचं काम करा, तो त्याचं करतो. त्रास काही देत नाही."

मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मी टॉर्च घेतला आणि उतरले.

सात पायऱ्या. मग एक अरुंद बोळ. वर इतकं ऊन असताना खाली हात थंड पडावेत इतका गारठा होता. बोळाच्या शेवटी लोखंडी दार होतं. मधोमध चाक, पाणबुडीच्या दाराला असतं तसं. चाक गंजून एकजीव झालेलं. मी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला, तसूभरही हललं नाही. दारात ताटलीएवढी काच होती, आतून काळवंडलेली.

मी भिंतीचा पोपडा खरवडून बाटलीत घेतला. चिठ्ठी लावली. तेवढ्यात टॉर्चचा उजेड दाराशेजारच्या भिंतीवर पडला. तिथं रंगाने काहीतरी लिहिलेलं होतं. पुसट, पण वाचता येत होतं.

"मोठ्याने मोजा. पूर्ण शंभर झाल्याशिवाय दार उघडणार नाही."

मी ते दोनदा वाचलं.

ससे मोजत नाहीत.

उंदीरही मोजत नाहीत.

आणि तेवढ्यात...

दाराच्या आतून आवाज आला.

"एक... दोन... तीन..."

पुरुषाचा आवाज. तोंडावर जाड कापड दाबून बोलावं तसा. सावकाश, एकसारखा.

माझ्या तोंडून पहिल्यांदा शिवीच आली. मला वाटलं मेजर मागच्या बाजूने येऊन मला घाबरवतोय. "मेजर, पुरे झालं," मी ओरडले.

"काय झालं, बाई?" मेजरचा आवाज वरून, पायऱ्यांच्या तोंडाकडून आला.

"...बारा... तेरा... चौदा..."

पळावं हे कळत होतं, तरी मी त्या काळवंडलेल्या काचेवर टॉर्च मारला. आकडे पुढं चालले होते. तिशी गेली. चाळिशी गेली. पन्नाशीनंतर मध्ये मध्ये खोकला यायला लागला.

"छप्पन्न... सत्तावन्न... अठ्ठावन्न..."

आणि थांबला.

काहीच नाही. खोकला नाही, श्वास नाही.

मग माझ्या डाव्या कानाशी... अगदी शेजारी... कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला. खसखस. कोणीतरी काहीतरी टिपून घेत होतं. मी टॉर्च फिरवला. भिंत होती. बोळ रिकामा होता.

लोखंडी दारावर दोनदा टकटक झाली. बाहेरून. माझ्या बाजूने. आणि एक शांत, कंटाळलेला, ऑफिसातल्या माणसाचा आवाज म्हणाला,

"पहिल्यापासून."

आतला आवाज पुन्हा सुरू झाला.

"एक... दोन..."

माझ्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला. अठ्ठावन्न. रविवारी संध्याकाळी आई मटार सोलता सोलता काय म्हणाली होती.

मी फोन काढला. रजिस्टरचे फोटो उघडले आणि आदल्या दिवशी जे वाचायला हवं होतं ते तिथं, त्या दारासमोर उभं राहून वाचलं. नमुना क्रमांक अकरा.

तारीख तीन. शेवटचा आकडा शंभर. वेळ नव्वद सेकंद. शेरा: घाईने मोजतो.

तारीख चार. शंभर. नव्वद सेकंद. शेरा: मधले आकडे गाळतो. समज दिली.

तारीख सहा. शंभर. नव्वद सेकंद. शेरा: लवकर सुटण्यासाठी चलाखी करतो. जेवण बंद.

तारीख सात. शेरा मोठा होता, रकान्याबाहेर गेलेला. तरी अक्षर तसंच मोत्यासारखं. "गाळलेले आकडे म्हटल्याखेरीज दार उघडू नये असा आदेश. पहिली वेळ, अठ्ठावन्न. दुसरी वेळ, अठ्ठावन्न. तिसरी वेळ, अठ्ठावन्न. निकाली."

सात तारखेला निकाली. आणि घरी पत्र गेलं की नऊ तारखेला पळून गेला.

मला भीती वाटत होती का? हो, वाटत होती. पण मी खरं सांगते, त्या क्षणी भीतीच्या वर दुसरंच काहीतरी चढलं. माझ्या मामाला कोणीतरी त्या खोलीत घातलं. मास्क किती टिकतो ते बघायला त्यात वायू सोडला. आणि त्याला एक आकडा येत नाही म्हणून दार उघडलं नाही. शाळेत ज्या चुकीला छडी मिळायची त्या चुकीसाठी त्याला मारलं. आणि मारणारा माणूस काचेबाहेर उभा राहून सुंदर अक्षरात टिपून घेत होता. मी नेमकी त्याच्याच जागी उभी होते.

"...सत्तावन्न... अठ्ठावन्न..."

शांतता.

कानाशी पेन्सिल सुरू झाली.

"तू गप्प बस," मी म्हणाले. कोणाला म्हणाले, माहीत नाही. त्या रिकाम्या बोळाला.

पेन्सिल थांबली.

मी दाराच्या काचेला तोंड लावलं. वर्गात शेजारच्याला उत्तर सांगतात तसं, हळू पण स्पष्ट म्हणाले,

"एकोणसाठ. मामा, एकोणसाठ."

बराच वेळ काही झालं नाही.

मग आतून... अगदी दाराला लागून... श्वास ओढल्याचा आवाज आला. पलीकडे कोणीतरी काचेशी आलं होतं.

"एकोण..." तो म्हणाला. "एकोणसाठ."

"साठ," मी म्हणाले.

"साठ... एकसष्ट... बासष्ट..."

आता तो पुढं होता आणि मी मागून म्हणत होते. अडुसष्टनंतर मी काचेला आणखी चिकटले. पण एकोणसत्तर आलं, ते आपल्या जागी आलं, आणि तो सत्तरवर गेला. ऐंशीच्या पुढे खोकल्याने त्याला शब्द फुटेना. मी थांबले. तो पुन्हा सुरू झाला. नव्वद. पंच्याण्णव. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं.

"नव्याण्णव... शंभर."

आणि ते चाक...

जे मी दोन्ही हातांनी जोर लावूनही हललं नव्हतं, ते चाक आपोआप फिरलं. गंजाचा भुगा खाली पडला. दार वीतभर उघडलं.

आतून ताज्या कापलेल्या गवताचा वास आला. माझ्या धंद्यातल्या माणसाला तो वास माहीत असतो. युद्धातल्या एका वायूला तसाच वास येतो. मी श्वास रोखला आणि भिंतीला चिकटले.

माझ्या पुढ्यातून कोणीतरी गेलं. दिसलं काहीच नाही. अनवाणी पावलं ऐकू आली फक्त. पहिली दोन-तीन हळू, चाचपडत. मग भराभर. मग पळत. सात पायऱ्या त्याने तीन ढांगांत ओलांडल्या.

मी त्याच्या मागून धडपडत वर आले. मेजर उभा होता. त्याचा हात छातीवर होता.

"बाई, आत्ता कोण पळालं?"

"तुम्हाला दिसलं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि नुसतं बोट दाखवलं. कमरेइतकं गवत कुंपणापर्यंत दुभागलेलं होतं, आणि वारा अजिबात नव्हता. आम्ही बघत असताना ते गवत हळूहळू पुन्हा सरळ झालं. लष्कराच्या कागदावर जे ऐंशी वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ते त्या दिवशी दुपारी झालं. तो पळाला.

आईला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. ती कागदावर विश्वास ठेवते. मला तिच्या हातात दुसरा कागद द्यायचा होता. पळाला नाही, असं लिहिलेला, शिक्का असलेला.

बुधवारी रेकॉर्ड रूममध्ये गेले. रजिस्टर बांधणीला गेलंय, म्हणाले. कुठं, ते कोणाला माहीत नव्हतं. आईच्या कागदावर शिक्का होता त्या लष्कराच्या विभागाला फोन केला. चार जणांनी एकमेकांकडे टोलवल्यावर एक अधिकारी भेटला.

"नोंद बदलायची तरतूद नाही," तो म्हणाला. "आणि मॅडम, तुमच्याकडच्या फोटोत नमुना क्रमांक अकरा आहे. तो तुमचा मामा हे कशावरून? नाव कुठंय?"

"त्याला एकोणसाठ येत नव्हतं," मी म्हणाले.

तो हसला. मी फोन ठेवला, नाहीतर तोंडातून जे निघालं असतं त्याने काम आणखी बिघडलं असतं.

साहेबांना मी अकरा पानांचा इतिहास दिला. चौदा माणसं, वायू, भिंतीवरची सूचना, सगळं. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्हाला विश्रांतीची गरज आहे." शनिवारी अहवाल गेला तो माझ्या सोमवारच्या मसुद्याचा. प्राण्यांवर चाचण्या, नमुने निकाली, जागा निर्धोक. खाली माझं नाव. माझंच वाक्य, माझ्याच गळ्यात.

मी नोकरी सोडली. त्याने कोणाचं काही अडलं नाही.

सोमवारी काँक्रीट ओतलं. संध्याकाळी मेजरचा फोन आला. म्हणाला, अठ्ठावन्नवाला गेला, बाई. पण त्याच्यानंतर दुसरा सुरू झाला होता. एकाहत्तरला थांबायचा. ओतेपर्यंत मोजत होता.

मी एकाहत्तर रजिस्टरच्या फोटोंत शोधला. नमुना क्रमांक चार. त्याला काय सांगणार होते मी? तो आकडा विसरला नव्हता. त्याचा श्वास संपला होता. तिथं आता लोक गाड्या लावतात.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी आईला सगळं सांगितलं. रिकाम्या हातांनी. फोटो मोठे करून दाखवले. शेरे वाचून दाखवले. तिने सात तारखेचा शेरा मला तीनदा वाचायला लावला.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने डब्यातला तो कागद काढला, बारीक बारीक तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले.

आणि मग तिने जे विचारलं, ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मंगळवारी सुटला. आज सोमवार. मग आला कुठंय?"

"कुठं येणार, आई?"

"घरी. सुटल्यावर माणूस कुठं जातं?"

मग तीच म्हणाली, "बरोबर आहे. हे घर त्याला कुठं माहीतंय? त्याच्यापायी लोकांनी जगू दिलं नाही म्हणून आम्ही ते सोडलं. तो गेला असणार जुन्या घरी."

जुन्या घराच्या जागी आता दुकानांची रांग आहे. एक सायकल दुरुस्तीचं, एक चष्म्याचं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने मला तिथं रिक्षा करायला लावली. मी नको नको म्हणत होते, पण तिच्यापुढे कोणाचं चाललंय. ती काठी टेकत सायकलवाल्याच्या दुकानासमोर उभी राहिली. तो म्हणाला, काय हवंय, आजी? आईने त्याच्याकडे बघितलंही नाही.

ती समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघून खणखणीत आवाजात बोलायला लागली, धाकट्या बहिणी बोलतात तशी, रागाने. आमच्या रस्त्याचं नाव. इमारतीचा नंबर. तिसरा मजला, डावीकडचं दार. बेल बिघडलीये, कडी वाजव. दुपारची मी जागीच असते.

लोक थांबून बघत होते.

याला आता सात महिने झाले. आई रोज दुपारी दाराशेजारी खुर्ची टाकून बसते. मी तिला एकटीला सोडत नाही. जिन्यात पावलं वाजली की आम्ही दोघीही बोलणं थांबवतो. आतापर्यंत शेजारी आले, पोस्टमन आला, गॅसवाला आला.

लोक मला विचारतात, तो खरंच आला तर तुला भीती नाही वाटणार?

तो येईल याची मला भीती नाही. मला भीती दुसरीच आहे. काल आई खुर्चीतून उठता उठता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, काय म्हणालीस? तर म्हणाली, काही नाही.

पण मी ऐकलं होतं. ती म्हणाली होती, "पुन्हा मला न सांगता गेला."